न वाजवता घेतलेले चौतारे

एका गावात एक कुंभार होता. आपले मडके पक्के आणि आपला शब्द त्याहून पक्का, असे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे. बाजारात माठ मांडला की गिऱ्हाइकाला त्याचे एकच सांगणे असायचे, "वाजवून घ्या."

त्याला एक नात होती, सगुणा. पोरीचा कान असा, की डोळे मिटून टिचकीच्या आवाजावरून ती सांगे, हे मडके आज भट्टीतून निघाले, हे कालचे. आजा चाक फिरवू लागला की ती त्या घरघरीवर सूर धरून गुणगुणे. उपड्या गाडग्यांची रांग लावून त्यांवर काड्यांनी गाणी वाजवी. वाटेने जाणारे थांबत आणि म्हणत, या पोरीच्या हातात खरे वाद्य हवे.

कुंभाराची मान ताठ झाली. गावदेवीच्या उत्सवात नातीने वाजवायचे, असे त्याने ठरवले, आणि तिला घेऊन तो शहरातल्या वाद्यांच्या दुकानी गेला. तिला हवे होते चौतारे. सतारीचे हे धाकटे भावंड, चार तारांचे, लेकराच्या मांडीवर मावणारे.

दुकानात पांढरीशुभ्र गादी होती. कुंभाराने आपल्या नखांतली माती पाहिली आणि हात धोतरात लपवले. भिंतीवर बरीच चौतारी टांगलेली होती. त्यातल्या एकावर हिरवे पोपट रंगवले होते, कडेला आरसे जडवले होते. कुंभाराने त्याच्याकडे बोट केले.

"आजा, वाजवून बघू?" सगुणाने हळूच विचारले.

"गप. भल्या माणसाच्या दुकानात अशी ठोकाठोक करायची नसते."

दुकानदार म्हणाला, बसू द्या की पोरीला, सगळीच वाजवून बघू दे. पण कुंभाराला वाटले, वाजवून मागणे म्हणजे आपण अडाणी दिसणे. त्याने पैसे मोजले, पोपटांचे चौतारे उचलले आणि तो बाहेर पडला.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढे सारा गाव जमला. सगुणाने तारा जुळवल्या आणि वाजवायला सुरुवात केली. दोन ओळी होतात न होतात तोच खुंटी घसरली आणि तार उतरली. तिने पुन्हा जुळवली. ती पुन्हा उतरली. मागून कुणीतरी म्हणाले, "अगं, त्यापेक्षा घरचं गाडगंच आणायचं होतंस." लोक हसले.

कुंभाराच्या अंगाची लाही झाली. तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "वाद्य उंची आहे. पोरीचा हात कच्चा आहे."

सगुणा रडली नाही. तिने चौतारे खाली ठेवले आणि ती उठून गेली.

त्या दिवसापासून चाक नुसतेच घरघरू लागले. त्यावर सूर येईना. लेकरू आहे, विसरेल, असे कुंभार मनाशी म्हणत राहिला.

मग बाजारचा दिवस आला. एका बाईने माठ उचलला आणि तशीच निघाली. कुंभाराने नेहमीप्रमाणे तिला हटकले, "वाजवून घ्या, बाई. न वाजवता नेला आणि घरी गळला, तर दोष मडक्याचा नाही, घेणा..."

बोलता बोलता त्याने वळून पाहिले. मागे सगुणा गाडग्यांखाली पेंढा सारत होती. तिचा हात थांबला होता. कुंभाराचे कान तापले. बाईने माठावर टिचकी मारली. तो खणखणीत वाजला, आणि ती टिचकी आपल्याच टाळक्यात बसल्यासारखी त्याला वाटली.

दुसऱ्या दिवशी तो नातीला घेऊन पुन्हा त्याच दुकानी गेला. या वेळी मातीचे हात त्याने लपवले नाहीत. "पोरीला वाजवून बघायचंय," एवढेच तो म्हणाला. सगुणाने एकेक चौतारे कानाशी धरले. तार ओढून पाहिली, खुंटी पिळून पाहिली. शेवटी तिने एक काळपट, बिनरंगाचे चौतारे मांडीवर घेतले आणि त्याच्या पोटावर टिचकी मारली.

"हे भाजलेलं आहे, आजा," ती म्हणाली.

पोपटांचे चौतारे कुंभाराने परत केले नाही. चाकावर बसले की समोर दिसेल असे ते भिंतीवर टांगले.

पुढच्या पौर्णिमेला देवळापुढे भजनाला गाव जमला, तेव्हा तो आपणहून उभा राहिला.

"त्या दिवशी पोरीचा हात कच्चा नव्हता. मी वाद्य न वाजवता घेतलं होतं."

एका म्हातारीने विचारले, "कुंभार असून?"

"होय. कुंभार असून."

कुणी हसले नाही. सगुणाने तारा छेडल्या. सूर जिथे लावला तिथे राहिला आणि माणसे डोलू लागली. कुंभार मात्र मान खाली घालून ऐकत होता. त्याला तेवढे वर बघवेना.

तात्पर्य एवढेच: ज्याच्या हातात वस्तू द्यायची, त्याला ती आधी पारखू द्यावी. आणि आपली चूक चारचौघांत लेकराच्या माथी मारली असेल, तर ती चारचौघांतच उतरवून घ्यावी.