षड्जाच्या अलीकडे

"आणि ही मी ठेवली नाही, तर?"

शलाका टेंबेने हे विचारले तेव्हा गंड्याचा दोरा गायिका अनसूयाबाई नरवेकरांच्या बोटांत होता. तो मनगटावर बांधला, की ती त्यांची शिष्या होणार होती.

बाईंच्या मिरजेच्या घराची एक रीत होती. शिष्याने आपले आधीचे संगीत गुरूपुढे ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे नाही. कोणी मेंडोलिन ठेवले होते, कोणी सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी. शलाकाच्या उजव्या हातात कडा झिजलेल्या पाकिटातली एक तबकडी होती: इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणगावच्या चार मुलींचा पोस्ट-पंक, म्हणजे खरखरीत, बंडखोर रॉकचा, अल्बम.

"तर दोरा बांधणार नाही."

"मग राहू द्या, बाई."

"इतकी वर्षं इथं येते आहेस."

"ही त्याआधीपासून आहे."

"लपवली असतीस, तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

बाईंनी कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरकडे बोट केले.

"ठेवू नकोस. लाव."

गिटारी करवतीसारख्या चालत होत्या. गायिका वरच्या षड्जाकडे निघायची आणि अलीकडेच थांबायची. दर वेळी.

"बेसूर आहे."

"आहे."

"पोचत नाही."

"नाही. आणि त्याबद्दल क्षमाही मागत नाही."

…

"हिनं काय दिलं तुला?"

शलाका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. तिची उत्तरे सहसा तयार असत. हे तिने बोलता बोलता शोधले.

"आई गेली तेव्हा मी शाळेत होते. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, रडून घे, मोकळी हो. तबकडीतली ही बाई तसलं काही म्हणाली नाही. ती आपल्या चुकीच्या सुरावर उभी होती. मीही उभी राहिले. अजून कोणी मला समजावायला लागलं, की आत हीच वाजते."

"मी समजावलं, तरी?"

तबकडीची बाजू संपली होती. सुई नुसतीच खरखरत होती.

"आत्ता वाजते आहे, बाई."

…

"तुझा षड्ज लागतो," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघतो. बरोबर आहे का, विचारत. पहिल्या दिवसापासून."

"ठाऊक आहे."

शलाकाने तबकडी पाकिटात घातली, वाकून नमस्कार केला आणि ती दाराकडे वळली.

"हात."

ती थांबली. गंडा उजव्या हाताला बांधतात. उजव्या हातात तबकडी होती.

"खाली ठेवू?"

"मी सांगितलं का?"

बाईंनी तिच्या मनगटावर गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली.

शलाका तंबोऱ्यापाशी बसली. तबकडी मांडीवरच होती.

"आणि रीत, बाई?"

अनसूयाबाई आपले आसन फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"षड्ज लाव. मान डोलवायला इथं कोणी नाही."