खिंडीतला तह

साहेबाचा झेंडा घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपला होता, त्या काळची ही गोष्ट. एक दिवस साहेबाचा पांढरा घोडा तहाचा कागद घेऊन खिंडीत आला.

तांड्याच्या म्होरक्या बैलाला, हरण्याला, तो म्हणाला, "अफू म्हणजे विष. यापुढे तुमच्या खिंडीतून अफू जाता कामा नये. उमटव इथं खूर!"

वाटेवरचं प्रत्येक ओझं हुंगूनच पुढं सोडायचं, ही म्होरक्याची रीत. हरण्यानं घोड्यामागच्या खेचरांवरच्या पेट्या हुंगल्या. जन्मभर वाहिलेल्या मालाचा तो वास त्यानं लगेच ओळखला.

"अरे, ही तर अफूच!"

"तिच्यावर आमचा शिक्का आहे."

"शिक्क्यानं विष उतरतं होय?" म्हणत हरण्यानं कागदावर खूर उमटवला आणि त्या अरुंद वाटेत तो आडवाच बसला. "तुझा तह मान्य आहे. आता खेचरं माघारी फिरव."