पाळण्यातली चिप

ढगांच्या कुशीतल्या एका नगरीत राणीच्या तान्ह्या बाळासाठी आपोआप झुलणारा पाळणा बनत होता. त्यात चिप कुणाची बसवायची, यावरून दोन कारखान्यांत चुरस लागली. थोरला कारखाना तुळाजीरावांचा. धाकटा केतकीचा; हे काम हुकलं तर त्याला टाळंच लागणार होतं.

दरबारात तुळाजीराव मिशीवर ताव देत म्हणाले, "राणीसाहेब, कोर म्हणजे चिपचा मेंदू. आमच्या चिपमध्ये असे सोळा कोर! आणि या बाईंच्या चिपमध्ये? एकच!"

दरबार खो खो हसला. त्या गलक्याने बाळ दचकून रडू लागलं. केतकीने खिडकीबाहेर पाहिलं. सांजेच्या धुक्यात बीजेचा चंद्र तरंगत होता.

ती हळूच म्हणाली, "राणीसाहेब, बाळाला निजवायला आभाळात एकच कोर पुरते. तुळाजीकाकांच्या सोळा कोरी एकदम उगवल्या, तर लेकरू डोळा तरी मिटेल का? पाळणा झुलवायला कितीसं डोकं लागतं? बाकीची पंधरा उगाच तापतील आणि उशाशी चूल पेटेल."

तुळाजीरावांनी तोंड उघडलं, पण राणीने ओठांवर बोट ठेवलं. बाळाचे डोळे मिटू लागले होते.

"हळू बोला," ती पुटपुटली. "पाळण्यात केतकीची चिप बसवा. काका, तुमच्या सोळा कोरी दरबारातल्या झुंबराला टांगा."