पाच होकार आणि एक जांभूळ

डोंगराच्या अलीकडं एका गावात एक सुतार राहायचा. हात असा, की त्यानं बसवलेल्या दाराच्या फटीत केसही शिरायचा नाही. खोड एकच होती. समोरच्यानं "हो" म्हटलं की गडी तिथूनच माघारी वळायचा आणि कामाला लागायचा. हो म्हणणारा माणूस कोण, त्याच्या हो म्हणण्यानं काही होतं का, हे बघायला त्याला सवड नसायची.

ती सवड त्याच्या बायकोला काढावी लागायची. सवड काढून काढून बिचारी पिचून गेली होती.

सुतारणीच्या अंगणात एक जांभूळ होतं. ती सून होऊन आली त्या साली तिनंच बी लावलेली. भांडी घासल्याचं पाणी घालून घालून तिनं ते वाढवलं होतं. बुंध्यापासूनच त्याची दोन खोडं झालेली, दोन्ही सरळ, दोन्ही एका कवेत न मावणारी. खाली ती पापड वाळवायची, निवडण-टिपण करायची, दुपारी पाठ टेकायची. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, हे सुताराला ठाऊक. म्हणून सुताराचा डोळा झाडावर, आणि सुतारणीचा डोळा सुतारावर.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावानं सुताराला बोलावलं. त्या गावाला मोठं तळं होतं. तळ्याच्या बांधात पाणी बाहेर सोडायची मोरी, आणि मोरीच्या तोंडाला एक लाकडी फळी. फळीला भोकं, भोकांना बुचं. बूच काढलं की पाणी पाटात, आणि पाटातून शेतात. ती फळी कुजली होती. नवी करायची, अखंड जांभळाची, आणि मृग लागायच्या आत बसवायची. तसा करारनामा झाला. सुतारानं कागद कमरेला खोचला आणि नाचत घरी आला.

"अगं, काम मिळालं! चार भोकं पाडतो म्हटलं, नारळाएवढी. पाटील हो म्हणाले."

सुतारीण भाकरी थापत होती. "पाटील म्हणाले म्हणजे झालं का?"

"म्हणजे काय! पाटील आहेत ते."

"ते पाटील आहेत हे मलाही कळतं हो. पण फळी पसंत की नापसंत हे ठरवणारे तेच का, एवढं विचारलंत?"

"तू ना, शुभ बोलायचीच नाहीस," सुतार म्हणाला. पण तिचं बोलणं काही डोक्यातून गेलं नाही. सकाळी उठून तो पुन्हा त्या गावाला गेला.

संध्याकाळी परत आला तो छाती काढून. "कुलकर्णीही हो म्हणाले. 'उत्तम' म्हणाले, दोनदा."

"मी हो किती जमले ते विचारलं का?" सुतारणीनं तांब्या आदळला. "अहो, मी विचारलं की शेवटचा हो कुणाचा!"

तिसऱ्या दिवशी तो पाटकऱ्याला भेटून आला. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा. तो म्हणाला, "मोठी भोकं? झकास! माझं काम निम्म्या वेळात उरकेल." चौथ्या दिवशी देवळातल्या पुजाऱ्यानं डोळे मिटून मान डोलावली. पाचव्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर पाटलांचे मेहुणे भेटले, तेही म्हणाले, "बिनधास्त करा!"

"मेहुणे?" सुतारणीनं कपाळाला हात लावला. "ते त्या गावचे तरी आहेत का?"

"आठ दिवस पाहुणे आलेत. पण मोठा माणूस, बोलणं कसं भारदस्त!"

"आणि त्या कागदात काय लिहिलंय?"

"सगळं लिहिलंय. फळीची लांबी-रुंदी आहे, लाकूड आहे, मुदत आहे. तळाला एक-दोन ओळी आहेत, त्या सगळ्याच कागदांत असतात."

"त्या मला वाचून दाखवा."

"उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सुतारीण धुणं घेऊन नदीवर गेली. परत आली तर अंगणात लख्ख ऊन. जांभळाचं एक खोड आडवं पडलेलं, आणि सुतार फांद्या तासत बसलेला. तिच्या हातातलं ओलं धुणं तसंच मातीत पडलं.

"अहो, हे काय केलंत?"

"पाच जण हो म्हणाले, अजून किती थांबू? मृग जवळ आलं." मग तिच्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाला, "दुसरं खोड आहे की अजून."

सुतारणीनं धुणं उचललं, पुन्हा विसळून पिळलं, आणि उरलेल्या अर्ध्या सावलीत वाळत घातलं.

फळी मात्र देखणी झाली, खोटं कशाला बोला. आरशासारखी गुळगुळीत, चार भोकं गोल गरगरीत. बैलगाडीत घालून दोघं नवरा-बायको त्या गावी गेली. बांधावर सारा गाव जमला होता. पाटील आले, कुलकर्णी आले, पाटकरी आला, पुजारी नारळ घेऊन आला. मेहुणे तेवढे आपल्या गावी गेले होते.

नारळ फुटणार, इतक्यात पाटाच्या कडेनं काठी टेकत एक म्हातारी आली. टोकाची आजी म्हणायचे तिला, कारण पाटाच्या अगदी टोकाला तिचं शेत. तिच्यापुढं पाट नाही, नुसता माळ. तिनं काठी बाजूला ठेवली, फळीच्या एका भोकात हात घातला आणि थेट खांद्यापर्यंत आरपार नेला.

"ही फळी नको," म्हातारी म्हणाली.

सुतार हसला. "आजी, तुम्ही बसा सावलीला. पाच मोठ्या माणसांनी होकार दिलाय."

कुणीच हसलं नाही. पाटील आपल्या वहाणेकडं बघायला लागले.

"मिस्त्री," पाटील घसा खाकरून म्हणाले, "तिनं नको म्हटलं म्हणजे नकोच."

"म्हणजे?"

"आमच्या गावची पद्धत आहे. तळ्याच्या कुठल्याही कामाला, ज्याच्या शेतात पाणी सगळ्यांच्या शेवटी पोचतं, त्याचा होकार लागतो. त्याला पाणी मिळालं तर सगळ्यांना मिळालं, असा हिशोब. आमच्या आज्या-पणज्यापासून असंच चालत आलंय. कागदातही आहे."

कुलकर्ण्यांनी सुताराच्या कमरेचा कागद मागून घेतला आणि तळाच्या ओळी वाचल्या: "पाटाच्या टोकावरच्या शेतकऱ्याने पसंत केल्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये."

सुताराचं तोंड उतरलं. "ही ओळ मी पाहिली होती. वाटलं, रीत म्हणून लिहिली असेल."

आता मात्र सुतारणीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं पदर खोचला.

"पाटील, हा माणूस तुमच्या दारात आला तेव्हा तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"आता घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि कुलकर्णीबुवा, तुम्ही?"

"मी उत्तम म्हणालो. काम उत्तमच आहे! मंजुरी माझ्या हातात आहे का, हे मला त्यांनी विचारलंच नाही."

"आणि तुम्ही आपणहून सांगितलं नाहीत!"

पाटकरी दोन माणसांच्या मागं सरकला. कुणी आपल्याला विचारायला आलं, की माणूस फुलतो. माझं मत इथं चालत नाही, असं सांगून स्वतःलाच लहान कोण करून घेणार?

"आजी, तुम्ही तरी आधी बोलायचं होतंत," सुतारीण म्हणाली.

"मला कोण सांगायला आलं, बाई?" म्हातारी म्हणाली. "गावातली बातमीही पाण्यासारखीच. वरच्यांचं भागलं की मग माझ्यापर्यंत येते. आणि हे नारळाएवढं भोक बघ. वरची शेतं दोन दिवसांत तुडुंब होतील, तळं माघातच रितं होईल, आणि माझ्या वाट्याला चिखल. हो म्हणाले त्यांतल्या किती जणांची शेतं वरच्या अंगाला आहेत, मोज की!"

"बुचं बारीक करून देतो," सुतार काकुळतीला आला. "भोकात आतून लाकडी कडं बसवतो."

"पाण्याच्या दाबाखाली ते किती दिवस टिकेल? तुम्ही सुतार, तुम्हीच सांगा."

सुतारानं मान खाली घातली. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मृगाला आठ दिवस उरले होते. फळीवाचून तळं पाणी धरणार नव्हतं. आणि पंचक्रोशीत अखंड फळी निघेल असं जांभूळ एकच होतं. तेही आता अर्धं.

"अजून एक खोड आहे," सुतार पुटपुटला. "तोडतो."

"थांबा." म्हातारीनं काठी आडवी धरली. "झाड कुणाचं?"

"हिचं," सुतारानं बायकोकडं बोट दाखवलं.

"पहिलं खोड तोडताना हिला विचारलं होतं?"

सुतारानं नकारार्थी मान हलवली. मग पाटील, कुलकर्णी, पाटकरी, पुजारी, सगळा गाव सुतारणीकडं वळला. ती नाही म्हणाली असती तर कुणी काही करू शकलं नसतं. आणि हे तिलाही कळत होतं.

"अगं, हो म्हण ना," सुतार म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आयुष्यभर होकारच गोळा केलेत." सुतारीण म्हातारीपुढं बसली. "आजी, तुमचा हो शेवटचा ना? तुमच्यावर अजून कुणी नाही? पाहुणा नाही, मेहुणा नाही?"

म्हातारी खुदकन हसली. "हे विचारणारी तू पहिली. माझ्यावर कुणी नाही."

"मग मला माप द्या. तोंडी नको."

म्हातारीनं हातातली एक बांगडी काढून दिली. "हिच्यातून जाईल तेवढंच पाणी." बांगडी कागदावर ठेवून कुलकर्ण्यांनी भोवतीनं रेघ ओढली, आणि त्या गोलाखाली म्हातारीचा अंगठा उठला. अंगठा वाळेपर्यंत सुतारीण हलली नाही.

मग ती उठली. त्या टोकाच्या शेताकडं तिनं एकदा बघितलं. भेगा पडलेल्या होत्या. "हो," ती म्हणाली. "तोडा."

सातव्या दिवशी दुसरी फळी मोरीत बसली. ती आजही टिकून आहे म्हणतात, आणि टोकाच्या शेतात चैत्रापर्यंत पाणी येतं. पहिली फळी कुणाच्याच कामाची नव्हती. तीच आधी नीट विचारून केली असती, तर अर्धं जांभूळ अंगणात उभं राहिलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुतारीण भर उन्हात पापड वाळत घालत होती. घामाच्या धारा लागल्या होत्या. इतक्यात सुतार नाचत आला.

"अगं, देवळाच्या नव्या दाराचं काम मिळालं! पुजारी हो म्हणा..."

सुतारणीनं पापडावरून नुसतं वर बघितलं.

सुतारानं काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या आणि आल्या पावली विचारायला निघाला.

तात्पर्य काय, तर होकार किती मिळाले हे मोजत बसू नये. होकार देण्याचा अधिकार कुणाचा, हे कुऱ्हाड उचलायच्या आधी विचारावं, आणि कागदाची शेवटची ओळ पहिल्यांदा वाचावी.