लाल चौकटीतलं स्थळ

एकदा एका बाईला तिच्याच घरच्या कंप्युटरने दरडावलं. बाई काही लेचीपेची नव्हे हं! कुमुदताई तिचं नाव, गावातली निम्मी लग्नं तिनेच जुळवलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं वधूवर सूचक मंडळ. पूर्वी फोटो नि पत्रिका कपाटात असायच्या, आता सगळं कंप्युटरात. कुणाच्या लेकीचा फोटो, कुणाचा फोन नंबर, कुणाचं मोडलेलं पहिलं लग्न. आयांनी हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टी त्या. चोराच्या हाती लागल्या तर त्या पोरींनी तोंड कुठे लपवायचं?

तर एका दुपारी पडद्यावर ही मोठी लाल चौकट आली. भोंगा वाजतोय, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय, आणि लिहिलंय, 'तुमच्या कंप्युटरात व्हायरस शिरलेत! ताबडतोब आमचं संरक्षण घ्या. आधी जुनं संरक्षण बंद करा.'

 कुमुदताईने सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं आणि आबांकडे धावली.

आबा म्हणजे ओढ्याकाठी राहणारे म्हातारे गृहस्थ. गाव त्यांना गुरू मानायचं. ज्ञानी होतेच, पण त्याहून जास्त खोडकर.

"आबा, कोणतं घेऊ सांगा लवकर! लालवालं म्हणतं माझंच चांगलं. भाचा म्हणतो दुसरं घे. दुकानदाराने तिसरंच फुकट दिलंय. तिन्ही घालून टाकू का? एकाच्या हातून चोर सुटला तर दुसरा धरेल."

आबा सुपात शेंगा सोलत होते. म्हणाले, "कंप्युटर आज बंदच राहू दे. उद्या सकाळी तुझ्या लेकीसाठी, मृणालसाठी, एक स्थळ पाठवतो. तेवढं बघून घे."

"इथे माझ्या जिवाचं पाणी झालंय आणि तुम्हाला स्थळं सुचतायत?"

"शेंगा खाणार का?"

पाय आपटत गेली बिचारी. गुरू आहेत म्हणून, नाहीतर शेंगांचं सूप त्यांच्याच डोक्यावर उपडं केलं असतं तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार धडाधडा वाजलं. दारात लाल सदरा, मिशांना पीळ, कुणीतरी आडदांड माणूस.

"मुलीची आई तुम्हीच ना? घात झालाय बाई, घात! तुमच्या मुलीत दोष आहे."

"अगं बाई! कसला दोष?"

"सांगायला वेळ नाही. फार मोठा आहे. माझ्याशी लग्न लावलंत तरच जाईल. चहा टाका. माझा चहा संपायच्या आत हो म्हणा, नाहीतर मुलगी हातची गेली."

"पण तुम्ही कोण? कुठले? घरी कोण असतं?"

"त्या चौकशा मागाहून करा. आधी तो ओसरीवरचा म्हातारा हाकला, त्याची अडचण होते मला. आणि कपाटाच्या किल्ल्या द्या इकडे."

ओसरीवर कुमुदताईचे सासरे बसलेले. जन्मभर त्या दाराची राखण केलेला माणूस. त्यांनी नुसती काठी उचलली. पण कुमुदताई त्यांच्या आधी पोचली.

"नीघ! नीघ म्हणते ना! माझी पोरगी कधी बघितलीस रे तू? न बघता दोष काढतोस? मामंजींना हाकलायला सांगतोस, माझ्या दारात उभा राहून? आणि किल्ल्या पाहिजेत? थांब, देते तुला किल्ल्या!" हातातलं उलथनं घेऊन ती अशी काही धावली, की मिशीवाला एक चप्पल तिथेच टाकून फाटकाबाहेर पडला.

फाटकाबाहेर आबा पोट धरून हसत उभे.

"का गं घालवलंस? एवढा ओरडत होता म्हणजे मुलगा चांगलाच असणार."

"आबा! लाज नाही वाटत तुम्हाला? असलं स्थळ?" कुमुदताईच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तेव्हा आबांचं हसू थांबलं.

"हा नाटक मंडळीतला भालचंद्र. माझ्यापायी बोलणी खाल्ली बिचाऱ्याने. पण कुमुद, कालही हाच आला होता तुझ्याकडे, पडद्यावर. तेव्हा का नाही गं उलथनं उचललंस? उलट कोणतं घेऊ म्हणून मला विचारायला आलीस. स्थळ आलं तर नवरामुलगा स्वतःबद्दल काय सांगतो त्यावर जातेस का तू? शेजाऱ्यांना विचारतेस, कामाच्या ठिकाणी विचारतेस. मग इथेही विचार. बनवणारे कोण, कुठले? त्यांच्याशी ज्यांचं काही देणंघेणं नाही अशा पारख करणाऱ्यांनी काय म्हटलंय? चोर रोज नवं शिकतो, तर हे रोज नवं शिकतं का? फुकटचं असेल तर तुझ्या पोरींची माहिती बाहेर विकून पोट भरत नाही ना? आणि तिघं एकदम आणशील तर ते एकमेकांनाच चोर समजून धरतील आणि कंप्युटर बसेल. एकच ठेव. पण त्याआधी एक सांग, त्या लाल मेल्याने सगळ्यात पहिलं काय मागितलं?"

कुमुदताई हळूच म्हणाली, "जुनं बंद करा म्हणाला."

"कंप्युटरबरोबर आलेला राखणदार मामंजींसारखाच तुझ्या ओसरीवर बसलाय बाई. तोच आडवा येतो म्हणून तर त्याला हाकलायचं!"

आता मला सांगा, संताप येईल की नाही? मेले स्वतःच दारात येऊन चोर चोर ओरडतात आणि राखणीचं कामही स्वतःच मागतात! भीती विकतात नुसती. आणि आपण? हसताय काय, तुम्हीसुद्धा! भेंडी घेताना टोक मोडून बघता, भाजीवालीचा जीव नकोसा करता. पडद्यावर 'हो' दाबताना कुठे जातो हा चोखंदळपणा?

कुमुदताईने घरी जाऊन कंप्युटर लावला. लाल चौकट कुठेच नव्हती. व्हायरसही नव्हता. ती कुठल्याशा पानावरची नुसती बोंब होती. मात्र राखणदार खरंच पेंगत होता. अपडेट करू का, असं तो महिनोन्महिने विचारायचा आणि ही बाई दर वेळी 'नंतर' दाबायची. तिने त्याला जागं केलं, भाच्याचं आणि दुकानदाराचं दोन्ही बाजूला ठेवलं आणि स्थळाची करावी तशी चौकशी सुरू केली. चार ठिकाणी फोन, बारीक अक्षरातल्या अटी, सगळं. या जुन्या राखणदारावर भागेल की आणखी कुणी आणावा लागेल, हे काही एका दिवसात ठरेना.

संध्याकाळी खालच्या आळीतली एक आई आली. लेकीचा फोटो आणि पत्रिका पाकिटात घालून आणलेली. म्हणाली, "ताई, हे कुणाच्याही हाती पडायला नको हं. मागे फार त्रास झालाय पोरीला."

कुमुदताईने पाकीट हातात घेतलं. क्षणभर धरलं. मग परत त्या आईच्या हातात दिलं.

"आज नको. माझ्याकडची राखण अजून तपासून व्हायचीय. झाली की मीच निरोप पाठवते."

 ती आई पाकीट पिशवीत ठेवत म्हणाली, "मग दुसरीकडे कुठे नेतच नाही. थांबते मी."