टिटवीने न पाहिलेला काठ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रानातलं तळं आटत चाललं होतं. टेकडीपलीकडे मोठं तळं आहे, हे एका टिटवीने उडताना पाहिलं. आता ते सगळ्यांना सांगायचं होतं, पण सभेत ती कधी बोललेली नव्हती.

तिने म्हाताऱ्या साळिंदराला विचारलं, "आजोबा, सभेत बोलायचं कसं?"

"सगळ्यात मागे बसलेल्याकडे बघून सावकाश बोल. त्याला कळलं की सगळ्यांना कळतं."

"आणि सगळ्यांनी हो म्हणावं म्हणून?"

"तू पाहिलंस ते सांग. ठरवायचं ते त्यांनी."

सभेत सगळ्यात मागे ससीण पिलांना घेऊन बसली होती. टिटवी तिच्याकडे बघत बोलली. सगळे कान देऊन ऐकत होते. मग ससिणीने विचारलं, "तिथे मगर नाही ना?"

नाही म्हटलं असतं, तर सगळे तेव्हाच तिकडे निघाले असते. टिटवी म्हणाली, "मी अलीकडचाच काठ पाहिला. पलीकडे दाट लव्हाळा आहे. तिथलं मला माहीत नाही."

सभेत कुजबुज झाली. काहीजण उठून गेले. शेवटी रानम्हैस म्हणाली, "मग आधी तो लव्हाळा बघून येऊ."

लव्हाळ्यात खरंच मगरी होत्या. पण सुरक्षित जागा शोधताना खडकांनी अडवलेला एक उथळ डोह सापडला. तिथे मगरींना येता येत नव्हतं.

पिलं पाणी पीत असताना ससीण टिटवीला म्हणाली, "तू मगर नाही म्हणाली असतीस, तर आम्ही लगेच निघालो असतो."

"म्हणून तर म्हणवेना," टिटवी म्हणाली.