छबूबाईचं वेळ विचारणं

संगणकांना नुकती वाचा फुटली होती, तेव्हाची गोष्ट. एका दूध डेअरीत छबूबाई नावाचा एक संगणक होता. ती इतर संगणकांना सारखी वेळ विचारी आणि कुणाचं घड्याळ चुकलं की लगेच सांगे.

"चोंबडी मेली! माझं मी बघेन," फाटकावरचा संगणक रंगोबा खेकसला. छबूबाईने त्याला विचारणंच सोडलं.

रंगोबाचं घड्याळ हळूहळू पुढे पळालं. एका सकाळी शीतघरातल्या भिकाजी संगणकाने रंगोबाने नोंदवलेली दुधाची वेळ पाहून दूध अडवलं. "फाटकातून आत यायच्या आधीच माझ्या दारात? असलं भुताचं दूध मी घेणार नाही!"

दूध उन्हात तापू लागलं. "छबूबाई, बघा हो जरा!" रंगोबा गयावया करू लागला.

"तुम्हीच पुढे धावलात," ती म्हणाली. रंगोबाने घड्याळ मागे घेतलं, नोंद सुधारली आणि दूध आत गेलं.

"तुमचं घड्याळ कोण बघतं हो?" त्याने ओशाळून विचारलं.

"कुणीच नाही," छबूबाई म्हणाली. "तुम्ही बघाल?"